उघड्यावरचे संगीत आणि नसलेल्या भिंती

सोलापुरात उन्हाळ्याची संध्याकाळ घरात काढणे अवघड असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे जुळे सोलापूर असो की विजापूर रस्त्यावरची एखादी जुनी सोसायटी, दिवस मावळला की गच्चीवर पाण्याचा सडा पडतो (नळाला पाणी येऊन गेले असेल तर, अर्थात), चटया आणि चादरी वर जातात, आणि अलीकडे त्यांच्याबरोबर बॅटरीवर चालणारा एक ब्लूटूथ स्पीकरही वर जातो. थंडीत हाच स्पीकर हुरड्यासाठी शेतावर नेला जातो. घरातल्या टेबलावर दणदणीत वाटणारा हा स्पीकर उघड्यावर मात्र एकदम पोरका वाटू लागतो: आवाज पातळ होतो, ठेका नाहीसा होतो, गाणे मध्येच तुटते. मग बहुतेक जण स्पीकरला दोष देतात आणि त्याहून मोठा, चाकांचा, रंगीत दिव्यांचा ट्रॉली स्पीकर विकत आणतात. माझ्या मते दोष स्पीकरचा फारसा नसतो. खोलीत दिवा लावला की पांढऱ्या भिंती त्याचा उजेड परत देतात आणि माळरानावर तोच दिवा मिणमिणता वाटतो. स्पीकरच्या ध्वनीलहरींचे आणि त्याच्यापर्यंत गाणे पोहोचवणाऱ्या रेडिओलहरींचे, दोन्हींचे नेमके हेच होते.

आधी रेडिओलहरींचे पाहू. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. गाण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब्लूटूथमध्ये २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ एवढ्या जागेत प्रत्येकी १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ७९ वाहिन्या असतात, आणि फोन व स्पीकर सेकंदाला १६०० वेळांपर्यंत एका वाहिनीवरून दुसरीवर उड्या मारत, वाय-फायने व्यापलेल्या वाहिन्या टाळत, एकमेकांशी बोलत राहतात. या पट्ट्यातल्या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात, आणि माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणीच असते. फोन पॅंटच्या मागच्या खिशात ठेवून आपण स्पीकरकडे तोंड करून उभे राहिलो, तर फोन आणि स्पीकर यांच्यामध्ये आपण स्वतःच आडवे येतो. खोलीत हे जाणवत नाही, कारण लहरी भिंती, छत, कपाट यांवरून परावर्तित होऊन दुसऱ्या वाटेने स्पीकरपर्यंत पोहोचतात. गच्चीवर ती दुसरी वाट उरत नाही, आणि मोकळ्या शेतात तर अजिबातच नाही. त्यामुळे घरात दोन खोल्या पलीकडून नीट चालणारे गाणे गच्चीवर आठ-दहा पावलांवर अडखळू लागते आणि आपण मात्र, मध्ये एकही भिंत नसताना असे कसे होते, म्हणून चक्रावतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. फोन खिशातून काढून कठड्यावर किंवा खुर्चीवर अशा रीतीने ठेवावा, की फोनवरून स्पीकर सरळ दिसेल आणि माणसांची ये-जा त्या रेषेत होणार नाही. खोक्यावर छापलेला पल्ला अशाच सरळ दृष्टीच्या रेषेसाठी असतो. तोसुद्धा दोघांतल्या दुबळ्या साधनावर अवलंबून असतो, म्हणजे स्पीकर १०० मिलिवॉट शक्तीच्या वर्गातला असला तरी समोरचे साधन २.५ मिलिवॉटच्या वर्गातले असेल, तर साधारण दहा मीटरच्या पुढे फार अपेक्षा ठेवू नये.

कोडेकविषयी, म्हणजे गाणे दाबून लहान करून ब्लूटूथवरून पाठवण्याच्या पद्धतीविषयी, मोबाईलवेड्या मित्रांमध्ये फार चर्चा चालते, पण उघड्यावर तिचे महत्त्व मला कमी वाटते. प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला येणारे एसबीसी हे कोडेक नेहमीच्या मांडणीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट माहिती पाठवते. एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जाते, आणि गरज पडल्यास ६६० किंवा ३३० वर उतरते. बंद खोलीत, चांगल्या हेडफोनवर हा फरक कुणाला जाणवत असेल तर त्याचे कान तयार आहेत असे मी म्हणेन, परंतु खालून रिक्षा जात असताना आणि शेजारच्या गच्चीवर पोरे क्रिकेट खेळत असताना तो ऐकू येणे कठीण आहे. उलट, जितकी जास्त माहिती पाठवायची तितका संपर्क नाजूक होतो. म्हणून ज्यांचा फोन ही निवड करू देतो, त्यांनी गच्चीवर ‘उत्तम दर्जा’ऐवजी ‘स्थिर संपर्क’ हा पर्याय निवडावा.

बॅटरीवर चालणारे काही महागडे स्पीकर वाय-फायवरही चालतात. त्यांची रीत निराळी असते: फोन फक्त कोणते गाणे हवे ते सांगतो आणि पुष्कळदा स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून गाणे ओढून घेतो, त्यामुळे फोन घेऊन खाली गेलो तरी गाणे थांबत नाही आणि मेव्हण्याचा फोन आला तर त्याची रिंग साऱ्या गच्चीला ऐकू जात नाही. अडचण राउटरची असते. तो बहुधा हॉलमध्ये टीव्हीमागे असतो, आणि मध्ये लोखंडी सळ्यांचे जाळे पोटात असलेला स्लॅब येतो. राउटर जिन्याजवळ हलवला आणि स्पीकर ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्याला जोडला, तर जिन्याच्या मोकळ्या पोकळीतून बरेच काम होते. मात्र वीज गेली की इन्व्हर्टरवर नसलेला राउटर बंद पडतो आणि वाय-फायचे संगीतही त्याच्याबरोबर जाते. वीज गेल्यावरच ज्या शहरात माणसे गच्चीवर सर्वांत जास्त जमतात, तिथे ही गैरसोय किरकोळ म्हणता येणार नाही, म्हणून माझा कल साध्या ब्लूटूथकडेच राहिला आहे.

आता ध्वनीकडे वळू, कारण खरे नुकसान तिथेच होते. उघड्यावर छोट्या स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते. स्पीकरपासून १ मीटरवर ८४ डेसिबल असेल, तर २ मीटरवर ७८, ४ मीटरवर ७२ आणि ८ मीटरवर ६६ उरतात. खोलीत असे होत नाही; स्पीकरपासून थोडे दूर गेल्यावर आपण मुख्यतः भिंतींवरून परत आलेला आवाज ऐकत असतो आणि तो खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. खर्जाचे हाल तर याहून वाईट होतात. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे पावणेसहा मीटर असते, त्यामुळे तांब्याएवढ्या आकाराच्या स्पीकरमधून ती एका दिशेने न जाता चहूकडे पसरते. घरात भिंती तिला अडवून परत पाठवतात, तर गच्चीवर ती होटगी रस्त्याच्या दिशेने जी निघून जाते ती जातेच. दोन्ही टोकांना थरथरणारे जे रबरी पडदे असतात, ज्यांना पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात, ते स्पीकरच्या आतल्या हवेच्या दाबावर हलून खर्जाला हातभार लावतात. पण भिंतीची उणीव ते भरून काढू शकत नाहीत.

मग गच्चीवर जी काही भिंत मिळेल ती वापरावी. स्पीकर एखाद्या मोठ्या पृष्ठभागाला अगदी लगटून ठेवला, तर खालच्या स्वरांत सैद्धांतिकदृष्ट्या ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळते, आणि जमीन व दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा त्याहून बरा. कठड्याचा कोपरा बहुतेकांना आधी सुचतो, परंतु तीन फूट उंचीचा कठडा पावणेसहा मीटरच्या लहरीला फारसे अडवत नाही. जिन्यावर जी खोली असते तिची पूर्ण उंचीची भिंत कितीतरी अधिक उपयोगी पडते. तिच्या पायथ्याशी, फरशीवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलेल्या स्पीकरच्या आवाजात जे भरलेपण येते, ते खुर्चीवर मधोमध ठेवलेल्या त्याच स्पीकरमध्ये येत नाही. पाण्याची प्लास्टिकची टाकी मात्र टाळावी. अर्धी रिकामी टाकी काही विशिष्ट स्वरांवर स्वतःच घुमू लागते आणि तबल्याची प्रत्येक थाप डब्यात पडल्यासारखी ऐकू येते.

मोठा स्पीकर घेण्याऐवजी दोन लहान स्पीकर ऐकणाऱ्यांच्या जवळ ठेवावेत, या मताशी मी आता पक्का झालो आहे, आणि त्यामागे केवळ हौस नसून हिशोब आहे. ८ मीटरवर ठेवलेल्या स्पीकरने २ मीटरवरच्या स्पीकरइतकेच ऐकू यावे असे वाटत असेल, तर त्याला १२ डेसिबल जास्त आवाज करावा लागतो, आणि १२ डेसिबल म्हणजे सुमारे सोळापट विद्युतशक्ती. ही सोळापट शक्ती बॅटरीतून जाते, स्पीकरचा आवाज फाटतो, स्पीकरशेजारी बसलेल्या आजोबांचे डोके उठते, आणि गच्चीबाहेरच्या लोकांना विनाकारण सर्व ऐकावे लागते. दोन स्पीकर जोडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे बहुतेक कंपन्यांची जोडणी फक्त त्यांच्याच स्पीकरांमध्ये चालते, आणि एकाच कंपनीचे जुन्या व नव्या पिढीचे स्पीकर जुळतीलच अशी खात्री नसते. दुकानात दोन्ही चालू करून पाहिल्याशिवाय दुसरा घेऊ नये. दुसरी गोष्ट अंतराची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एका स्पीकरपेक्षा दुसरा सतरा मीटर दूर असेल तर त्याचा आवाज सुमारे ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि गायकाचा प्रत्येक शब्द दुहेरी ऐकू येऊ लागतो. नेहमीच्या घरगुती गच्चीवर हा प्रश्न येत नाही, मंगल कार्यालयाच्या लॉनवर मात्र येतो.

शेतावर गणित पुन्हा बदलते. थंडीच्या दिवसांत, ज्वारीची कणसे दुधातून चिकात आलेली असतात तेव्हा, आमच्या नातेवाइकांच्या रानात हुरड्याची आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर गूळभेंडीची कणसे भाजली जातात, हातावर चोळून फुंकर मारून गरम दाणे पुढे येतात, सोबत शेंगाचटणी, गूळ आणि दही. तिथे एकदा चुलतभावाने मोठा स्पीकर आगटीपासून वीसेक पावलांवर बांधावर ठेवला होता. उभे पीक वरचे स्वर गिळून टाकते आणि मऊ काळी मातीही काही कमी शोषत नाही, त्यामुळे त्याने आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला, तरी शब्द कळत नव्हते, नुसती धडधड येत होती. मग तोच स्पीकर त्याने उचलून आगटीजवळ आणला, पण आवाज कमी करायचे राहिले. कणीस चोळता चोळता काका म्हणाले, “आरं, ते जरा बारीक कर की. हितं माणूस काय बोलतंय ते कळंना झालंय.” शेवटी आमचा लहान स्पीकर पोत्यांच्या थप्पीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला, आवाज तिसऱ्या हिश्श्यावर आणला, आणि भजनही ऐकू येऊ लागले व काकांची ऊसबिलाची तक्रारही. पिकात किंवा मातीत स्पीकर जमिनीवर ठेवू नये, एवढे तरी त्या दिवशी सर्वांना पटले.

रानात नेटवर्क एखाद्या दांडीवर असते, कधी तेही नसते, म्हणून गाणी घरूनच उतरवून न्यावीत. त्यानंतर फोन विमान मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू करावे. फोनला मनोरा शोधत बसावे लागत नाही, त्याची बॅटरी टिकते आणि मध्येच कुणाचा फोन येऊन अभंग तुटत नाही. नेटवर्क चांगले असेल, तर प्रसारभारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर आकाशवाणीची केंद्रे ऐकता येतात. वडीलधाऱ्यांना स्वतः निवडलेल्या गाण्यांपेक्षा कुणीतरी निवडून दिलेली गाणी जास्त आवडतात, असा माझा अनुभव आहे.

बॅटरीच्या बाबतीत सोलापूरकरांनी खोक्यावरच्या तासांपेक्षा तापमानाकडे अधिक लक्ष द्यावे. मध्यम आकाराच्या स्पीकरमध्ये बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे दोन लिथियम-आयन सेल असतात. प्रत्येकी २६०० मिलिअँपिअर-तास आणि ३.६ व्होल्ट धरले, तर एकूण ऊर्जा सुमारे १९ वॉट-तास भरते. मध्यम आवाजात स्पीकर सरासरी २ वॉट खात असेल तर ती आठ-नऊ तास पुरते, आणि आवाज ६ डेसिबलने वाढवला की ध्वनीसाठीची शक्ती चौपट होऊन संध्याकाळ संपण्याआधीच दिवा लाल होतो. हे सेल साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करायचे असतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि उन्हातली फरशी किंवा काळ्या रंगाचा स्पीकर हवेपेक्षा पुष्कळच जास्त तापतो, त्यामुळे दुपारी गच्चीवर विसरलेला स्पीकर उचलून लगेच चार्जिंगला लावणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य हाताने कमी करणे होय. चांगल्या स्पीकरमधली संरक्षक यंत्रणा अशा वेळी चार्जिंग नाकारते आणि लोकांना वाटते की चार्जर बिघडला. स्पीकर सावलीत तासभर थंड होऊ द्यावा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, आत पाणी धरते. पावसाळ्यात महिना-दोन महिने वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून कपाटात टाकावी. स्वस्त ट्रॉली स्पीकरमध्ये १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असू शकते आणि तिची रीत नेमकी उलटी असते: तिला रिकामी ठेवली की ती मरते, म्हणून ती पूर्ण भरून ठेवावी लागते.

पाऊस आपल्याकडे बेताचा, धूळ मात्र बारमाही. त्यामुळे आयपी क्रमांकातला पहिला आकडा आपण आधी वाचायला हवा. आयपी६७ मधला ६ म्हणजे धूळ आत अजिबात जाणार नाही, आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडाला तरी चालेल. आयपीएक्स७ असे लिहिले असेल तर धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही एवढाच त्याचा अर्थ होतो. दुकानदार दोन्ही ‘वॉटरप्रूफ’ म्हणूनच विकतात. शिवाय ही सारी हमी चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण नीट बसलेले असेल तोवरच लागू असते, आणि शेतावर पॉवर बँक जोडताना ते झाकण हमखास लोंबकळत राहते. काळ्या मातीची पिठासारखी धूळ त्या भोकात बसली की पिन सैल होते. मऊ कोरड्या ब्रशने ती काढावी; तोंडाने फुंकर मारून थुंकीचा ओलावा आत घालू नये.

रात्रीविषयी लिहायला हवे, कारण रात्री आवाज खरोखरच लांब जातो. दिवसा जमीन तापलेली असते, वरची हवा तुलनेने थंड असते आणि ध्वनीलहरी वर वळतात. सूर्यास्तानंतर, विशेषतः आपल्याकडच्या कोरड्या आणि निरभ्र रात्री, जमीन लवकर निवते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि त्याच लहरी खाली वळून दूरवर पोहोचतात. थंडीत पहाटे पलीकडच्या गावातल्या देवळाचा भोंगा आपल्या रानात स्पष्ट ऐकू येतो तो यामुळेच. आपला स्पीकरही मग आपल्या अंदाजापेक्षा जास्त घरांत वाजत असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये, असेही त्यात म्हटले आहे. १ मीटरवर ७० डेसिबल म्हणजे जवळ बसलेल्यांना पुरेसा आवाज झाला, आणि तो ८ मीटरवरच्या शेजाऱ्याकडे ५२ पर्यंत उतरतो. संध्याकाळी हे नियमात बसते. दहानंतर ते बसत नाही, आणि सकाळी सहाच्या पाळीला उठायचे असलेल्या शेजाऱ्याच्या मनातही बसत नाही.

दहानंतरही ज्यांना गच्चीवर गाणी हवी असतात, त्यांच्यासाठी ऑराकास्ट हा नवा प्रकार कामाचा ठरू शकेल. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीवर तो उभा आहे. त्यात एक फोन जोडणी न करताच प्रसारण करतो, आणि आसपासचे कितीही इयरफोन किंवा स्पीकर ते एकाच वेळी ऐकू शकतात, म्हणजे पाच जण चटईवर पडून एकच मैफल आपापल्या कानात ऐकतील आणि कठड्यापलीकडे काहीही जाणार नाही. मात्र त्यासाठी फोन आणि इयरफोन दोन्ही या पद्धतीचे असावे लागतात. आमच्या घरातल्या फोनांपैकी एकही तसा नाही, आणि केवळ त्यासाठी नवा फोन घ्यावा असे मला वाटत नाही. पुढचा स्पीकर घेताना मात्र खोक्यावर ऑराकास्टचे चिन्ह आहे का ते मी पाहीन, आणि तेवढ्यासाठी चार-पाचशे रुपये जास्त पडले तर देईन.